एका साडीची गोधडी

शिवणकामाची आवड असलेल्या बहुतेक जणी सुरुवात ब्लाउजपासून करतात आणि चार दिवसांत हौस फिटते. साहजिकच आहे. मुंढा, टक्स, बाही, गळा, हुकपट्टी, यातली एक रेघ चुकली तरी ब्लाउज अंगावर ओढतो, आणि चांगलं कापड वाया गेल्याची चुटपुट उरते ती वेगळीच. हौसेने शिवणाऱ्याने, मग ती बाई असो की पुरुष, आधी गोधडी शिवावी असं माझं ठाम मत आहे. तिला मुंढा नाही, बाही नाही, कुणाच्या अंगावर बेतून बसवायचं नाही. सरळ धावदोरा घालता आला की झालं. तरीही कापडाचा उभा-आडवा धागा, थरांचं सरकणं, दोऱ्याचा ताण, दुमड, कोपरा या सगळ्या गोष्टी तिच्यात हाताखालून जातात. पुढे ब्लाउजच काय, परकर-पोलकं शिवायला घेतलंत तरी हाताला हे ठाऊक असतं.

सामान म्हणाल तर एक जुनी सुती साडी, सुई, जाड सुती दोरा, कात्री आणि अंगुस्तान. गोल फिरणाऱ्या पात्याचे कटर, खाली घालायच्या चटया, पारदर्शक पट्ट्या, मोजून कापलेल्या चौकोनांची पाकिटं असं बरंच काही आता बाजारात मिळतं. हवं तर घ्या, पण दुसऱ्या गोधडीनंतर. पहिल्या गोधडीला ते लागत नाही, आणि सामानाची पिशवी भरली की काम केल्याचं समाधान फुकट मिळतं, हा हौशी माणसाचा मोठा धोका आहे.

आता साडीचं गणित बघा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ११४ सेंटीमीटर, म्हणजे ४५ इंच रुंद असते. तिच्या एकावर एक पाच घड्या घातल्या तर प्रत्येक थर ११० सेंटीमीटरचा होतो. साडीला कात्रीही न लावता पाच थरांची, जवळजवळ चौरस अशी बाळाची गोधडी तयार. नऊवारी साडी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते; तिचे चार थर केले तर प्रत्येक थर दोन मीटरहून थोडा मोठा. एका माणसाला अंथरायला किंवा पांघरायला एवढं पुरतं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घरोघरी का होत्या याचं एक साधं उत्तर या मापातच आहे.

पहिल्यांदा सहावारीच घ्या. गोधडी आटोपशीर असली तर पुरी होते.

साडी निवडताना

सुती, धुऊन धुऊन मऊ पडलेली, पण विरलेली नाही, अशी साडी हवी. खिडकीसमोर धरून बघा. उजेड चाळणीसारखा आरपार येत असेल तर ती जागा कमकुवत आहे. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून कापड आधी उभं आणि मग आडवं ताणा. करकर आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर तो भाग आतल्या थरात जायला हवा. बसण्याची जागा आणि पायाजवळचा काठ इथे साडी सगळ्यात आधी जाते. पदर बहुधा शाबूत असतो, शिवाय नक्षीदार असतो, म्हणून तो वरच्या थरात आणायचा.

जॉर्जेट, शिफॉन, पॉलिस्टर बाजूला ठेवा. ते हातात ठरत नाही, घाम शोषत नाही, आणि सुती थरांबरोबर धुतलं की दोन्ही कापडं आपापल्या चालीने आटतात. जरीच्या काठाची साडी मोह पाडते, पण बाळाच्या गोधडीत जरीची तार टोचते, शिवाय जरीचा काठ धुण्यात आकसून गोधडीला चुण्या पाडतो. साडी फारच आवडती असेल तर काठ कापून वेगळा ठेवा, त्याची दुसरी सोय करता येते. टिकल्या, मणी, गोंडे बाळाच्या गोधडीवर अजिबात नकोत.

शिवायला बसण्याआधीचं एक काम बऱ्याच जणी विसरतात, ते म्हणजे फॉल उसवणं. फॉल राहिला तर त्या भागात थर दुप्पट होतात आणि सुई अडते. फॉल काढल्यावर तो फेकू नका, पुढे लागणार आहे. पिकोची शिलाई राहिली तरी चालते. साडीत ब्लाउजपीस अजून तसाच असेल तर तोही कापून काढा. मग साडी कोमट पाण्यात रात्रभर भिजवून साबणाने धुवा, म्हणजे खळ, अत्तर, कपाटातल्या गोळ्यांचा वास सगळं निघून जाईल. रंग जातो का हे बघायला ओल्या पांढऱ्या रुमालाने एक कोपरा दाबून घासा. गडद लाल आणि निळ्या साड्यांचा भरवसा धरू नका. रंग जात असेल तर ती साडी बाळासाठी नको. वाळल्यावर इस्त्री करा. इथे इस्त्रीचा आळस केला तर पुढे सगळीकडे तो दिसतो.

घडी आणि टाचण

फरशी पुसून कोरडी करा आणि साडीची घडी जमिनीवरच घाला. पलंगावर गादी दबते, माप चुकतं. पदराच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करा. पहिला थर पसरा, ११० सेंटीमीटरवर साडी उलट दिशेला वळवा, पुन्हा तेवढ्यावर वळवा. साडीवाले दुकानात घडी मोडून पुन्हा घालतात तशीच ही नागमोडी घडी. पाचवा थर येईल तेव्हा पदर सगळ्यात वर असेल, दोन बाजूंना साडीचे काठ असतील आणि उरलेल्या दोन बाजूंना घड्या. आयती चौकट मिळते.

इथे एक बारकावा आहे. विणलेल्या नक्षीच्या साडीला दोन्ही बाजू जवळपास सारख्याच असतात, पण छापील साडीला उलट-सुलट असते. नागमोडी घडीत थर एक सोडून एक पालथे पडतात. म्हणून पाच थरांत वरची बाजू सुलट आली की खालून गोधडी उलटीच दिसते. चार थर घेतले आणि पहिला थर पालथा पसरला तर वरून-खालून दोन्हीकडे सुलटी बाजू येते. तेव्हा छापील साडीचे चारच थर करा. गोधडी मग साधारण १३७ बाय ११४ सेंटीमीटरची होईल, थोडी पातळ पण जास्त लांब. मुंबई-कोकणाच्या हवेला पातळच बरी. नाशिक-नगरकडच्या थंडीला पाच थर हवेतच, आणि खूप गारठा असेल तर मधे जुनं सुती धोतर घाला.

प्रत्येक थर पसरला की तळव्याने मधून कडेकडे सुरकुती ढकला. पाचही थर झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ११० बाय ११४ च्या गोधडीचा कर्ण साधारण १५८ सेंटीमीटर येतो. दोन कर्णांत बोटभराहून जास्त फरक असेल तर गोधडी तिरकी झाली आहे. लांब कर्णाचे कोपरे आत ढकलून सरळ करा. शिवून झाल्यावर हा दोष निघत नाही.

सुटी टोकं दीड-दोन सेंटीमीटर आत दुमडून टाचण्या लावा. पाच थरांत ही दोन टोकं समोरासमोरच्या बाजूंना येतात, एक वर आणि एक तळाशी. चार थरांत ती एकाच बाजूला येतात, म्हणून दोन्ही एकमेकांकडे तोंड करून आत दुमडायची.

यानंतर कच्चे टाके. कामाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग हा. वेगळ्या रंगाचा कुठलाही दोरा घ्या आणि चार-पाच सेंटीमीटरचे लांब टाके घाला. आधी मधोमध एक उभी आणि एक आडवी ओळ, मग मधून कडेकडे जात दर पंज्याएवढ्या अंतरावर ओळी. कडेपासून आत यायचं नाही. का, ते सांगते. गोधडीचा पक्का धावदोरा परंपरेने कडेपासून सुरू होतो आणि चौकटीत चौकट घेत मध्यापर्यंत जातो. थरांत थोडी जरी ढील असेल तर ती पुढे पुढे सरकत जाते आणि शेवटी मधोमध फुगा उभा राहतो. कच्च्या टाक्यांनी ती ढील आधीच बाहेर काढलेली असते. यात वेळ वाचवलात तर तो पुढे उसवण्यात जाईल.

सुई, दोरा, हात

सुई लांब, जाड आणि मोठ्या नेढ्याची हवी. कटलरीच्या दुकानात गोधडीची सुई म्हणून मागितली की मिळते. सुयांच्या पाकिटावर नंबर असतो. हाताच्या सुईत नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते, यंत्राच्या सुईत उलटं, १६ नंबरची सुई ११ पेक्षा जाड. दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा चिवट असतो, तो तुटत नाही पण जुनं मऊ कापड कापतो. दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो.

किती दोरा लागेल? हिशोब सोपा आहे. ओळी अंगठ्याच्या रुंदीएवढ्या, म्हणजे अडीच सेंटीमीटर अंतरावर घेतल्या, तर ११४ सेंटीमीटरच्या सुमारे ४४ ओळी होतात, एकूण ५० मीटर. सरळ ओळी घाला, चौकटी घाला की गोल फिरा, अंतर तेच ठेवलं तर लांबी एवढीच भरते, कारण जागा तेवढीच आहे. टाका वर-खाली जातो म्हणून त्यावर पाव हिस्सा धरा आणि गाठींसाठी थोडा. ६५ ते ७० मीटर दोरा पुरतो. नऊवारीच्या गोधडीला याच्या दुपटीच्या थोडा आत.

दोरा एका वेळी दीड हातच घ्या. लांब घेतला की ओवण्याचे कष्ट वाचतात असं वाटतं, पण तो पिळतो, अडकतो, पन्नास वेळा कापडातून जाऊन झिजतो आणि ओळीच्या मधेच तुटतो. म्हणजे शंभराहून जास्त वेळा दोरा ओवायचा आहे. सकाळच्या उजेडात सात-आठ सुया एकदम ओवून गादीच्या तुकड्यात टोचून ठेवा. संध्याकाळी डोळे मिचकावत बसावं लागणार नाही.

गाठ दिसू द्यायची नाही. सुई वरच्या थरातून आत घाला, दोन थरांमधून बोटभर चालवा, मग जिथे ओळ सुरू करायची तिथे वर काढा आणि दोऱ्याला हलकेच झटका द्या. गाठ टप् करून आत जाते. शेवटी दोन बारीक टाके उलटे घ्या आणि उरलेला दोरा थरांमधेच पळवून कापा.

आता धावदोरा. उजवा हात सुई चालवतो हे खरं, पण काम डावा हात करतो. गोधडीच्या खाली डाव्या हाताचं मधलं बोट ठेवा. सुईचं टोक त्या बोटाला लागलं की ती सगळ्या थरांतून गेली. लगेच बोटाने टोक वर ढकला. सुईवर तीन-चार टाके जमले की अंगुस्तानाने मागून रेटा आणि दोरा ओढा. वर दिसणारा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा. त्याहून लहान असेल तर हात फार चालवावा लागतो, मोठा असेल तर बाळाच्या बोटात अडकतो. टाके सारखे आले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. दहाव्या ओळीपर्यंत हात आपोआप बसतो, आणि सुरुवातीच्या वेड्यावाकड्या ओळी कडेला असल्याने चटकन डोळ्यांत भरत नाहीत.

दोरा फार ओढू नका. ओढला की कापडाला चुण्या पडतात. थोडी लाट हवी, पण चुणी नको. ओळ संपली की दोन्ही हातांनी ती ओळ लांबीच्या दिशेने ताणून सोडा, दोरा आपली जागा घेतो.

चारही कडा मात्र आधी बंद करा. कडेला अगदी लागून एक ओळ आणि तिच्या आत अर्ध्या सेंटीमीटरवर दुसरी. काठांच्या बाजूला पाच काठ एकावर एक असतात, तिथे टाका एकेकच घ्यावा लागतो. नीटस कड हवी असेल तर मगजी लावा: पाच सेंटीमीटर रुंदीची पट्टी, वरून धावदोऱ्याने आणि खालून हेमच्या बारीक टाक्यांनी. सरळ कडेला पट्टी सरळ धाग्यात कापलेली चालते. कोपरे गोल ठेवायचे असतील तरच उरेब पट्टी लागते, कारण तिरक्या धाग्यात कापलेलं कापडच वळणावर ताणून बसतं.

रोज दोनच ओळी घातल्या तरी तीन-एक आठवड्यांत गोधडी होते. मांडी घालून भिंतीला टेकून बसा, गोधडीचं वजन मांडीवर राहू द्या, लोंबू देऊ नका. नाहीतर खांदा धरतो.

यंत्रावर होईल का? होते, पण पहिल्यांदा नको. यंत्राचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा पाय वरचा थर मागे धरतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी वरचं कापड बोटभर जास्त उरतं. करायचंच असेल तर १६ नंबरची सुई लावा, टाका साडेतीन-चार मिलिमीटर ठेवा, पायाचा दाब कमी करा, कच्चे टाके दुप्पट घाला आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने शिवा. एक ओळ जाताना आणि एक येताना शिवली की थर उलटसुलट ओढले जातात आणि गोधडीवर तिरक्या लाटा उठतात.

थोडी कलाकुसर

सरळ चौकटींच्या पलीकडे जायचं तर आधी मधोमध एखादं चित्र धावदोऱ्यानेच काढून घ्या आणि भोवतीच्या ओळी त्याच्या कडेशी थांबवा. चित्रासाठी पुस्तकं धुंडाळायची गरज नाही. चैत्रांगणात काढायची चिन्हं, म्हणजे कासव, शंख, तुळस, चंद्र, सूर्य, गोपद्मं, गौरीचा पाळणा, ही सगळी मुळात रेघांची आहेत, म्हणून दोऱ्यात सहज उतरतात. कासव तर बाळाच्या गोधडीला फारच छान दिसतं. पेन्सिलीने काढू नका, शिसं कापडात मुरतं. शिंप्याचा खडू किंवा सुकलेल्या साबणाची चिप वापरा. गडद साडीवर पांढरा दोरा आणि फिकट साडीवर लाल, यापलीकडे रंगांची खटपट मी तरी करणार नाही.

तुकड्यांची गोधडी आवडत असेल तर शेजारच्या कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याकडे बघा. तिथल्या यल्लापूर-हल्याळ भागात सिद्दी समाज राहतो. या लोकांचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतल्या अनेकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं, आणि तिथून निसटून ते घाटावरच्या रानात स्थिरावले. त्यांची बोली कोकणीच्या जवळची. तिथल्या बायका जी गोधडी शिवतात तिला कवंदी म्हणतात. आपल्याला तुकडे आधी एकमेकांना जोडून मोठं कापड करण्याची सवय असते. कवंदीत तसं नसतं. खाली साडी अंथरायची, एका कोपऱ्यावर तुकडा ठेवायचा, त्याची कड सुईच्या टोकाने आत दुमडत धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा आला की पहिल्याच्या कडेखाली सरकवायचा, आणि असं कडेकडेने गोल फिरत मध्यात यायचं. जोडणं आणि गोधडी घालणं एकाच दोऱ्यात होतं. चौकोन मोजून कापावे लागत नाहीत, तुकडा कसाही असला तरी खपतो. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ती नसली तर कवंदी अपुरी मानतात. शिंप्याकडून आणलेली कातरणं वापरायची याहून सोपी रीत मला तरी माहीत नाही. फक्त तुकडे सगळे सुती आणि धुतलेले असू द्या.

फॉलचं आणि उरल्याचं काय

दोघांना पांघरायची मोठी गोधडी करायची असेल तर दोन-तीन साड्या घ्या, प्रत्येकीतून २१० सेंटीमीटरचे दोन तुकडे फाडा आणि काठाला काठ जोडा. कापण्याऐवजी फाडायचं अशासाठी, की सुती कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं आणि रेघ आपोआप सरळ येते. प्रत्येक साडीतून सव्वा मीटरहून थोडा जास्त तुकडा उरतो. त्याची बाजाराची पिशवी करा.

४३ बाय ९० सेंटीमीटरचा तुकडा घ्या. साडी पातळ असेल तर दोन थर एकत्र टाचून घ्या. ९० ची बाजू मधोमध दुमडा, सुलटी बाजू बाहेर ठेवून दोन्ही कडांना अर्ध्या सेंटीमीटरवर टीप मारा, सुटे धागे कापा, पिशवी उलटवा आणि जवळजवळ एक सेंटीमीटरवर पुन्हा टीप मारा. कच्ची कड आत बंद झाली, आता सुटे धागे कांद्याच्या सालांत गुंतणार नाहीत. मग तळाचा प्रत्येक कोपरा असा चपटा करा की बाजूची शिलाई तळाच्या घडीवर येईल; टोकापासून पाच सेंटीमीटर आत आडवी टीप मारा. ती दहा सेंटीमीटरची भरेल. एवढीच रुंदी पिशवीच्या तळाला मिळते आणि ती जमिनीवर उभी राहते. तोंडाला एक सेंटीमीटर आणि मग तीन सेंटीमीटर अशी दुमड घाला. तयार पिशवी साधारण ३० सेंटीमीटर रुंद आणि ३६ सेंटीमीटर उंच होते. दोन किलो भाजी आणि वर कोथिंबिरीची जुडी, आरामात.

पिशवीचे बंद करायला घ्या तो उसवलेला फॉल. तो बहुतेक अडीच मीटरच्या आसपास लांब असतो. साठ-साठ सेंटीमीटरचे दोन तुकडे उभ्या चार घड्या घालून दोन्ही कडांना शिवा. पिशवीच्या तोंडाशी बंद जोडताना चौकोन शिवून त्यात फुली मारा, कारण पिशवी नेहमी तिथेच फाटते. उरलेला फॉल गोधडीच्या मगजीला कामी येईल, पण चारही कडांना तो पुरणार नाही.

गोधडी पहिल्या दोन वेळा एकटीच धुवा. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि काठीवर किंवा दोन दोऱ्यांवर पसरून उन्हात वाळवा, एका दोरीवर टाकली तर ओल्या वजनाने मधून लांबते. काही वर्षांनी वरचा थर विरेल. तेव्हा गोधडी उसवायची नाही. फाटक्या जागेवर मऊ कापडाचा तुकडा टाचा, मग दुसऱ्या साडीतून गोधडीहून चारही बाजूंनी चार बोटं मोठं कापड काढून वर पसरा, कडा खाली वळवा आणि नव्या ओळी जुन्या ओळींच्या बरोबर मधून घ्या. एकच थर वाढवा, दोन वाढवलेत तर सुई पलीकडे निघायला तयार होत नाही.